मालकांना घेऊन या

आज सकाळी भावजयीबरोबर एका कार्यालयात गेले होते. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिले की चर्चा तेवढ्यापुरतीच होते, आणि हा प्रकार काही एकाच खिडकीवर घडत नाही. घर माझ्या धाकट्या भावाच्या नावावर आहे, भाऊ सैन्यात आहे, सध्या फील्ड पोस्टिंगवर, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा नेमणुकीवर आहे, आणि घराच्या कागदावरची एक साधी नोंद दुरुस्त करून हवी होती. भावजयीने त्याने करून दिलेले कुलमुखत्यारपत्र आणले होते, युनिटचा सही-शिक्क्याचा दाखला आणला होता, दोघांच्या आधार कार्डांच्या प्रती आणल्या होत्या. खिडकीतल्या गृहस्थांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. "मालकांना घेऊन या," एवढेच म्हणाले. ते ड्यूटीवर आहेत, लगेच येऊ शकत नाहीत, असे तिने सांगितल्यावर त्यांनी "मग सुट्टीवर येतील तेव्हा या" म्हणून पुढच्या माणसाला हाक मारली.

हे एक वेळ सोसले असते. नियम सगळ्यांना सारखे असतात आणि खोट्या मुखत्यारपत्रांवर परस्पर घरे विकली जातात, तेव्हा खिडकीतल्या माणसाने सावध असावे हेही मान्य. पण कागद न वाचताच परत ढकलण्याला सावधपणा म्हणत नाहीत. त्याहून जिव्हारी लागले ते रांगेतल्या एका सभ्य दिसणाऱ्या माणसाचे बोलणे. "फौजींच्या घरच्यांना काय कमी आहे? पगार आहे, कॅन्टीन आहे, दवाखाना फुकट आहे." भावजय काही बोलली नाही. ती कधीच बोलत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

पगार वेळेवर येतो, हे खरे आहे. कॅन्टीनमध्ये साबण आणि चहापत्ती चार पैशांनी स्वस्त मिळते, हेही खरे. फुकटच्या दवाखान्याचे म्हणाल तर सोलापुरात सैनिकी रुग्णालय नाही. माझ्या आईला तपासणीसाठी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलला न्यायचे असते तेव्हा भावजय अंधारात उठून डबे करते, मुलांना शेजारी सोपवते आणि आईचा हात धरून सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस गाठते. जवानाला वर्षाकाठी 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची किरकोळ रजा असते. ती सगळीच्या सगळी मिळाली असे धरले, तरी उरलेले नऊ महिने त्या घराचा कर्ता पुरुष, कर्ती बाई, ड्रायव्हर, प्लंबर आणि पालकसभेला जाणारे आईवडील हे सगळे एकच माणूस असते. रांगेतल्या त्या गृहस्थांनी यातले नऊ दिवस काढून दाखवावेत.

मला राहून राहून 2025 च्या मे महिन्यातली ती रात्र आठवते. भाऊ नुकताच रजेवर आला होता. मुलांना घेऊन पंढरपूरला जायचे ठरले होते. तेवढ्यात ऑपरेशन सिंदूर सुरू झाले, रजेवर आलेल्या जवानांना परत बोलावणे आले आणि धुतलेले कपडे पुरते वाळायच्या आत त्याने बॅग भरली. कर्नाटक एक्स्प्रेसने तो दिल्लीकडे गेला; तिथून पुढे कुठे, हे आम्ही विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. त्यानंतर त्याचा फोन बंद. घरात आई दूरचित्रवाणीसमोर बसलेली, आणि वाहिन्यांवर बातमीपेक्षा भोंगेच जास्त. हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचे भोंगे कार्यक्रमांत वाजवू नका, असे शेवटी सरकारला वाहिन्यांना बजावावे लागले; पण तोवर आमच्या आईचा रक्तदाब कुठच्या कुठे गेला होता.

त्या दिवसांत घरी माणसांची रीघ लागली होती. "फोन आला का?" "नेमका कुठे आहे तो? तिकडेच ना?" एकाने तर मोबाइलवर कसलासा स्फोटाचा व्हिडिओ आणून आईसमोर धरला. प्रत्येक जण उठताना "काही लागले तर हक्काने सांगा" असे म्हणत होता. आणि त्यातल्याच एका रात्री, आपल्या सोलापूरच्या रीतीप्रमाणे चार-पाच दिवसांनी, अवेळी, नळाला पाणी आले आणि हौदातून वरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटार जळली. मे महिना, घरात म्हातारी आई, दोन मुले, वरची टाकी कोरडी. भावजय बादल्या घेऊन जिना चढू लागली.

अशोक चौकापलीकडच्या आमच्या गल्लीत शेजारी एक पद्मशाली काका राहतात. यंत्रमागावर त्यांचा जन्म गेला. ते रात्रपाळीहून येत होते. त्यांनी जिन्यावरच्या बादल्या पाहिल्या, वास घेतला आणि म्हणाले, "मोटार जळली की. थांब, माझा पाइप टाकतो, तू वर जाऊन टाकीत धर." पंधरा-वीस मिनिटांत टाकी भरली. सकाळी त्यांनी आमची मोटार स्वतःच खोलून, सायकलच्या कॅरिअरला बांधून रिवाइंडिंगला नेली. भावाबद्दल त्यांनी एक अक्षर विचारले नाही.

मला म्हणायचे आहे ते एवढेच आहे. "काही लागले तर सांगा" असे म्हणून आपण मदत करत नाही. मागण्याचे काम तेवढे तिच्या गळ्यात घालतो. आणि ती मागणार नाही, हे आपल्याला पुरते ठाऊक असते. तिने ते नवऱ्यालासुद्धा सांगितले नाही. नंतर एकदाचा त्याचा फोन लागला तेव्हा त्याने आईच्या पाठोपाठ पाण्याचीच चौकशी केली, तर ही म्हणाली, "येते की. सगळे व्यवस्थित आहे." तिकडे त्याच्या डोक्याला घरचा घोर नको, म्हणून मोटारीचे प्रकरण त्याच्यापासून आजतागायत लपवलेले आहे. (ही पोस्ट त्याच्यापर्यंत पोहोचली तर ते आता कळेल. कळू दे.)

शहरात निदान पाण्यावर भागते. खेड्यात बांध कोरला जातो. आपल्या जिल्ह्यात फौजीच्या कुठल्याही घरी विचारा, गडी लांब आहे हे पाहून भावकीने बांध नांगराच्या एका सरीने सरकवल्याची गोष्ट निघाल्याशिवाय राहत नाही. या बाबतीत इंग्रज सरकारसुद्धा आपल्यापेक्षा शहाणे निघाले. युद्धासारख्या विशेष परिस्थितीत सेवेवर असलेला सैनिक दाव्यात हजर राहू शकत नसेल आणि त्याच्या वतीने उभे राहायला अधिकृत कोणी नसेल, तर न्यायालयाने कामकाज थांबवावे, असा कायदा 1925 साली झाला आणि तो स्वतंत्र भारतातही पुढे चालत राहिला. सैनिक हजर राहू शकत नाही, हे 1925 साली कळत होते. आमच्या खिडकीला आज कळत नाही. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष स्वतः जिल्हाधिकारी असतात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे अर्ज केला तर दखल घेतली जाते, हे मी नाकारत नाही. तरी तिथल्या बहुतेक योजना माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठी आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. सीआरपीएफ आणि बीएसएफ या निमलष्करी दलांमधल्या पोरांच्या घरांना तर सैनिकाचे घर म्हणून तेवढीही दारे उघडत नाहीत, आणि त्यांच्या आयासुद्धा तोच भोंगा ऐकत बसलेल्या असतात.

दर 12 जानेवारीला आपण, 1931 साली इंग्रजांनी फाशी दिलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालतो. जिल्ह्यातला एखादा जवान तिरंग्यात परत आला की दुकाने आपणहून बंद होतात आणि रस्त्याच्या दुतर्फा माणूस मावत नाही. तो आदर खरा असतो, यात मला तिळमात्र शंका नाही. पण जो जिवंत आहे, ज्याची बायको याच शहरात रेशनच्या, बँकेच्या आणि गॅसच्या रांगेत उभी आहे, त्याच्या घराची आठवण ठेवायला आपल्याला त्याच्या मरणाचीच वाट का पाहावी लागते?

लिहिता लिहिता फार चढले, ते राहू दे. लांब राहणारा नवरा काही सैन्यातच असतो असे नाही. ट्रकवर जाणारे आहेत, आखातात गेलेले आहेत, पुण्याला कंपनीत असलेले तर गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या बायकाही एकट्याच निभावतात. फरक एवढाच, की त्यांना निदान फोन लागतो.

आणि मदत म्हणजे दर वेळी धावून जाणेच असते असेही नाही. तो रजेवर येतो तेव्हा थोडे दूर राहणे हीसुद्धा मदतच आहे. आला की पहिल्या दिवसापासून बोलावणी सुरू होतात. कुणाचे लग्न, कुणाचे जागरण-गोंधळ, कुठल्या मंडळाचा सत्कार, शाळेत व्याख्यान, मित्रांची धाब्यावरची रात्र. घरात मात्र त्याला तवा कुठे ठेवतात ते शोधावे लागते, मुलीचे दप्तर बदललेले असते, कुणाला कुठली शिकवणी हे बायकोने परस्पर ठरवलेले असते, आणि त्यावरून दुसऱ्या आठवड्यात दोघांचे वाजते. ते वाजायलाही निवांत वेळ लागतो, आणि मिटायलाही. पाहुण्यांच्या चहातच सगळी रजा सरली तर भांडण अर्धवट सोडूनच तो गाडीत बसतो, आणि उरलेले भांडण मग तुटक्या नेटवर्कवर होते.

तेव्हा सोलापूरकर मित्रमैत्रिणींनो आणि विशेषतः आमच्या नातेवाइकांनो, भाऊ पुढच्या महिन्यात येणार आहे. तारीख विचारू नका. पहिला आठवडा कुणीही येऊ नका. सत्कार ठेवू नका, व्याख्यान ठेवू नका, शाल आणि नारळ घरात भरपूर आहेत. नंतर भेटायला यायचेच असेल तर आधी फोन करून या, आणि चहा झाला की उठा.