3-7 लावून कात्रज चढणाऱ्या मामासाठी

रविवारी सकाळी सव्वासातला मामाचा फोन. कात्रजच्या चढावर कडेला बसलोय, उजवा गुडघा बोलतोय, ये. निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली 21 गिअरची सायकल शेजारी आडवी पडलेली. डाव्या मुठीवर आकडा 3, उजव्या मुठीवर 7. म्हणजे त्या सायकलीतला सगळ्यात जड गिअर. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "अरे, त्या मेसेजमध्ये असंच लिहिलं होतं."

'सायकल घेण्यापूर्वी हे वाचाच' हा तो मेसेज. माझ्याकडेही तीन-चार गटांतून येऊन गेला होता आणि मी नेहमीसारखा सोडून दिला होता. आता नाही सोडत.

त्यातलं सगळ्यात घातक वाक्य असं: "आकडा मोठा तितकं मशीन जास्त काम करतं, म्हणून चढाला 3-7 लावा." पंख्याचा रेग्युलेटर आहे का तो? सायकलीत मशीन एकच, स्वतः मामा! डावीकडचा 3 म्हणजे पुढचं सगळ्यात मोठं चक्र, उजवीकडचा 7 म्हणजे मागचं सगळ्यात लहान. दाते मोजले: पुढे 42, मागे 14. पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक तीनदा फिरतं. चाक 26 इंची, म्हणून तीन गुणिले 26, 78. हाच गिअर-इंच, म्हणजे गिअर किती जड ते सांगणारं माप. दुसऱ्या टोकाला 1-1: पुढे 24, मागे 28, म्हणजे जेमतेम 22 इंच. ताशी 8 किलोमीटरने घाट चढायचा तर 1-1 मध्ये पाय मिनिटाला 75 फेरे मारतात. 3-7 मध्ये 21. फेरे कमी बघून खूश होऊ नका, प्रत्येक फेऱ्यात पायाला साडेतीनपट जोर लावावा लागतो. एकसष्ठ वर्षांच्या गुडघ्याला हा सल्ला देणाऱ्याने स्वतः कधी दिवे घाट तरी चढलाय का?

पुढचं रत्न: "गिअर-इंच म्हणजे पुढच्या चक्राचा व्यास, दुकानात टेप घेऊन जा." मामा खरंच टेप घेऊन गेला होता. पावणेसात इंच भरलं, आणि दुकानदार हसला म्हणून हा रागावून आला. आता नाइलाजाने एवढं कबूल करतो की व्यासावरून दात्यांचा अंदाज येतो, कारण चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच ठरलेलं असतं. पण मागचे दाते आणि चाक धरल्याशिवाय त्या पावणेसातला काही अर्थ नाही. हे इंच आले कुठून, तर पुढे राक्षसी चाक असलेल्या जुन्या सायकलींवरून. त्यांत पायडल थेट चाकालाच असायचं, 52 इंची चाक म्हणजे 52 चा गिअर. पाय जितका लांब तितकंच चाक मोठं घेता यायचं. 1885 साली स्टार्लीची रोव्हर नावाची सायकल आली, मागच्या चाकाला चेन लागली आणि ती अडचण संपली. माप मात्र तेच राहिलं. 78 इंच म्हणजे मामा घाटात साडेसहा फुटी चाकावर बसला होता असं समजा.

"21 गिअर म्हणजे 7 गिअरच्या तिप्पट वेग." नाही. मामाच्याच सायकलीवर 42 ला 28 आणि 24 ला 16, दोन्हींचं उत्तर दीड. अशा जोड्या वगळल्या तर 21 पैकी खरे वेगळे गिअर चौदाच्या आसपास उरतात. पुढे एकच 32 चं चक्र आणि मागे 11 ते 42 असे अकरा गिअर असलेली सायकल हलक्यापासून जडपर्यंत याहून मोठा पल्ला देते.

"29 चं चाक नेहमी वेगवान." दाते तेच असतील तर 26 च्या तुलनेत गिअर साधारण 11 टक्के जड होतो, एवढंच. चढावर तो तोटाच.

"गिअर-इंच कालबाह्य." हे अर्धं खरं. फ्रेंच लोक एका फेऱ्यात किती मीटर जातो ते मोजतात. अमेरिकेतले मेकॅनिक शेल्डन ब्राउन यांचीही तक्रार होती की यात क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांड्याची, लांबी धरलेलीच नाही. त्यांनी चाकाची त्रिज्या भागिले क्रँकची लांबी, गुणिले दात्यांचं गुणोत्तर असा 'गेन रेशो' सुचवला. सायकलीच्या गिअरबद्दल एकाचंच ऐकायचं तर मी या माणसाचं ऐकेन. पण मामाच्या एकाच सायकलीवरचे दोन गिअर ताडून बघायला इंच पुरतात.

संध्याकाळी पार्किंगमध्ये टायरवर खडूची खूण केली आणि पायडलचा एकच फेरा. 1-1 ला पावणेदोन मीटर. 3-7 ला सव्वासहा, सायकल पार गेटबाहेर. टेप मामाचाच, दुकानात नेलेला. तो गुंडाळत मामा म्हणाला, "मी हा मेसेज सतरा जणांना पाठवलाय रे."