कॅन्सर निघाला म्हणून शुगरची गोळी बंद?

आमच्याकडे घरात कॅन्सर निघाला की बाकीचे आजार जणू त्याच दिवशी रद्द होतात. दारव्हा तालुक्यात माझं मेडिकल आहे, त्यामुळे हे डोळ्यांसमोर घडतं. दर महिन्याला शुगरची मेटफॉर्मिन आणि बीपीची गोळी नेणारे काका एकाएकी यायचे बंद होतात. रस्त्यात भेटले की म्हणतात, "आता कॅन्सरच निघाला, तं शुगरच्या गोळ्या खाऊन काय करू बाप्पा?"

अहो, आताच तर त्या गोळ्यांची खरी गरज! किमोआधी उलटी होऊ नये म्हणून बहुतेकदा डेक्सामेथासोन देतात. ते स्टेरॉइड, त्यानं साखर चढते. किमोनं पांढऱ्या पेशी उतरलेल्या, त्यात साखर चढलेली, म्हणजे इन्फेक्शनला दार उघडंच. मग किमोची तारीख पुढे जाते आणि नागपूरचं गाडीभाडं पाण्यात. सिस्प्लॅटिन या किमोच्या औषधाचा भार किडनीवर पडतो. शुगर-बीपीनं ती आधीच थकली असेल तर औषधच बदलावं लागतं. स्तनाच्या कॅन्सरमधलं ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, हृदयाला त्रास देऊ शकतं, म्हणून आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात. आणि आपले लोक? "हार्टची फाइल वेगळ्या डॉक्टरची हाय," म्हणून घरीच ठेवून जातात.

उलट बाजूनंही नातं आहेच. टाइप-२ मधुमेह असलेल्यांमध्ये यकृत, स्वादुपिंड, मोठं आतडं आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका जास्त आढळतो. लठ्ठपणा दोघांनाही खतपाणी घालतो. अन् खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू अन् चुना घोटलेला! गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी, पण पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा जोरात. त्यातली नुसती सुपारीही कॅन्सर करते. तंबाखू हृदयालाही सोडत नाही. माझ्या काउंटरवर तोंडात दोन बोटं मावत नाहीत अशी पोरं तिखट लागतं म्हणून जेल मागतात. तोंड आखडतंय, हे जेलनं जाणार आहे का?

आशाताई तिशीपुढच्यांच्या तपासणीसाठी फॉर्म भरतात. त्या तपासणीत बीपी, शुगर, तोंड, स्तन, गर्भाशयाचं मुख, सगळं येतं. आपले पुरुष बीपी हौसेनं मोजून घेतात, तोंड उघडा म्हटलं की काढता पाय. तोंडात खर्रा असतो ना!

कोणती गोळी चालू ठेवायची, कोणती बदलायची, हे कॅन्सरच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. पण त्यांना कळायला तर हवं. नागपूर-सेवाग्रामला निघण्याआधी सगळ्या पट्ट्या घेऊन दुकानात या. नावं आणि डोस एका कागदावर लिहून देतो. त्याचे पैसे घेत नाही.