‘शुगरच्या गोळ्या फेका, पुडी घ्या’: त्या मेसेजचा समाचार

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज आता मावशीच्या फोनवर पोचलाय आणि तिनं गोळ्या सोडायची भाषा सुरू केलीय, म्हणून हा खटाटोप. मेसेज असा: जडीबुटीची पुडी रोज सकाळी घ्या, तीन दिवसांत गुडघे मोकळे आणि शुगर मुळासकट जाते. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनं किडनी जाते, बंद करा. साखरेऐवजी गूळ खा, भाकरी कितीही चालते. गुडघे झिजतात, चालू नका. पुरावा म्हणून उपाशीपोटीचा एक रिपोर्ट जोडलाय.

आधी पुडी. झिजलेला गुडघा तीन दिवसांत भरून येत नाही. इतक्या झटपट सूज आणि दुखणं उतरलं की पहिला संशय स्टेरॉइडचा घ्यायचा. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, एप्रिल 2022 मध्ये सांधेदुखीवर ‘नैसर्गिक’ म्हणून खपणाऱ्या ‘आर्त्री’ आणि ‘ऑर्तिगा’ या उत्पादनांबद्दल इशारा दिला. तपासणीत त्यांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक सापडलं होतं, लेबलवर दोन्हींचा पत्ता नाही. आठवडी बाजारातल्या पुडीला तर लेबलच नसतं. प्रत्येक पुडीत भेसळ असतेच असं नाही, पण आपल्या पुडीत नाही हे सांगणार कोण?

स्टेरॉइडनं यकृत जास्त साखर सोडतं आणि इन्सुलिनचा असर घटतो. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा जोर दुपारपासून रात्रीपर्यंत असतो, पहाटेपर्यंत ओसरतो. म्हणजे उपाशीपोटी 115 आणि दुपारच्या जेवणानंतर 300, असंही होतं. मेसेजमधला रिपोर्ट म्हणूनच कवडीमोलाचा. पुडी घेणाऱ्यानं दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासावं. हात साबणानं धुऊन कोरडे करा. गूळ फोडलेल्या बोटानं तपासलं तर आकडा उगाच चढतो. टोचायचं बोटाच्या कडेला, दुखऱ्या सांध्यापासून लांब.

आणि महत्त्वाचं: पुडी कित्येक आठवडे पोटात जात असेल तर हे वाचून एका झटक्यात सोडू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर आपलं बनवणं थांबवतं. अचानक तोडलं की उलट्या, गळाठा, बीपी खाली, जिवावरही बेततं. उरलेली पुडी फेकू नका. त्याच दिवशी ती घेऊन डॉक्टरांकडे जा, ते डोस उतरवत नेतील. चेहरा गोल सुजणं, भूक अचानक वाढणं, कातडीवर सहज काळे-निळे डाग, ही लक्षणंही सांगा.

मेटफॉर्मिन किडनी बिघडवत नाही. किडनी आधीच फार कमजोर असेल, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा आकडा) 30 च्या खाली, तर ती बंद करतात, 45 च्या खाली डोस कमी करतात. त्यावरून उलटा अर्थ लावलाय. बरं, एक गोष्ट कबूल: वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, पायांना मुंग्या येतात. तेवढी तपासणी करा. किडनीची एवढीच काळजी असेल तर मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या थांबवा. शुगर, बीपीची गोळी आणि वर हे, असं जमलं की किडनीला खरा मार बसतो.

गूळ? गुऱ्हाळावरचा असो नाहीतर दुकानातला, त्यात 80 टक्क्यांच्या वर साखरच. गुळात केलेली कर्दंट ही मिठाईही त्यातच आली. जोंधळ्याची भाकरी पांढऱ्या भातापेक्षा बरी, हे खरं, पण 100 ग्रॅम पिठात 65 ते 70 ग्रॅम कर्बोदकं असतात. एक भाकरी, सोबत भाजी आणि डाळ भरपूर. ‘कितीही’ नाही.

चालणं सोडलं की मांडी सुकते आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. जेवणानंतर 10-15 मिनिटं सपाट रस्त्यावर, चप्पल घालून चाला. तेही होत नसेल तर खुर्चीत बसून पाय सरळ उचला, पाच सेकंद धरा, प्रत्येक पायाला दहादा. मात्र एकच गुडघा एकाएकी लाल, गरम झाला आणि ताप आला, तर व्यायाम नको, शेक नको. शुगरवाल्यानं त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.