साधारण सरळ

गाडीने सरळ चालावं, ही काही फार मोठी अपेक्षा नव्हे. माझा पिकअप ट्रक कारखान्यातून आला तेव्हा मुकाट्याने सरळ चालायचा. मग मला तो उंच करायची बुद्धी झाली. लिफ्ट किट घातलं, अंगापेक्षा मोठे टायर चढवले आणि काही दिवस जगाकडे वरून पाहून घेतलं. गाडी मात्र वास काढत निघाल्यासारखी कधी डावीकडे, कधी उजवीकडे जाऊ लागली. महिन्याभराने टायरवरून हात फिरवला तर जाताना गुळगुळीत आणि परतताना करवतीचे दात.

करवत लागली म्हणजे टो बिघडला. पुढच्या चाकांची तोंडं आत वळलीत की बाहेर फाकलीत, याला टो म्हणतात. माझी चाकं बदकाच्या पायांसारखी फाकली होती. गाडी वर उचलली की सस्पेन्शनचे आर्म आणि टाय रॉड (स्टेअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा) दोन्ही खाली कलतात. पण दोघांच्या लांबीत फरक, त्यामुळे रॉड चाकाला मागून आत खेचतो. हे ज्ञान मला किट बसवल्यावर झालं, यात नवल नाही.

अलाइनमेंटवाल्याने गाडीला एक प्रदक्षिणा घातली. "साहेब, ही आधी होती तशी करा, मग या." एवढा अपमान पुरेसा होता. मी पाने काढले.

नियम असा, की आधी कास्टर, मग कॅम्बर आणि शेवटी टो. कारण पहिल्या दोघांना हात लावला की तिसरा आपोआप बिघडतो. चाक वरून आत-बाहेर झुकतं तो कॅम्बर, स्टेअरिंग आपणहून मधे परत येतं ती कास्टरची कृपा. ते दोघे आर्मच्या बोल्टांवर फारशी खळखळ न करता जमले. खरा छळ टोनेच केला.

टायरची नक्षी स्वतःच सरळ नसते. म्हणून चाक जॅकवर उचलून फिरवायचं, खडू लावायचा आणि खिळा स्थिर धरून त्यावर बारीक रेघ ओढायची. मग दोन्ही चाकांच्या रेघांमधलं अंतर पुढून मोजायचं, मागून मोजायचं आणि वजा करायचं. मागे चासी आडवी येते, तेव्हा ओळंबा सोडून जमिनीवर खुणा केल्या. टेपचं दुसरं टोक मुलाकडे दिलं.

"किती?"

"साधारण एकशे साठ."

"साधारण म्हणजे?"

"एकशे साठच्या आसपास, बाबा."

80 सेंटिमीटर व्यासाचा टायर एका अंशाच्या दहाव्या हिश्शाने वळला तर फरक पडतो जेमतेम 1.4 मिलिमीटर. मला चाकं 2 मिलिमीटर आत हवी होती. आमच्या घरातला 'साधारण' त्याहून कितीतरी रुंद आहे. चार वेळा मोजून बाहेरचा फरक 20 मिलिमीटर ठरला. ठरला म्हणजे आम्ही दोघे दमलो.

आता टाय रॉड. रॉड जागी आवळून ठेवणारा उजवा लॉक नट जाम. डावा हलला, म्हणून डावीकडेच काम उरकायचं ठरवलं. (हा निर्णय लक्षात ठेवा.) गाडीखाली पाठीवर झोपलं की डावं-उजवं आणि आत-बाहेर यांची अदलाबदल होते. त्यात रॉडच्या एका टोकाचे आटे सुलटे, दुसऱ्याचे उलटे. मी आत्मविश्वासाने रॉड फिरवला, 20 चे 26 झाले. मग उलट फिरवला आणि जॅक उतरवून मोजलं, तर आकडा भलताच! कारण जॅकवरून उतरलेली गाडी लगेच बसत नाही. चाकं अवघडून उभी असतात, तोंडदेखल्या पाहुण्यासारखी. गाडी थोडी मागे-पुढे घ्यायची, तेव्हा ती अंग सैल सोडते. म्हणजे दर वेळी: फिरव, उतरव, मागे-पुढे घे, ओळंबा सोड, मोज, आणि मुलाचं "साधारण" ऐक. सातव्या फेरीला त्याने विचारलं, "बाबा, आधी ही गाडी काय वाईट होती?" मी ग्रीसचा हात त्याच्या शर्टाला पुसला.

संध्याकाळी फरक 2 मिलिमीटर आत आला. नट आवळला आणि पुन्हा मोजलं. आवळतानाही रॉड फिरतो, हे एव्हाना कळलं होतं. चक्कर मारायला निघालो. मोकळ्या रस्त्यावर क्षणभर हात सोडले. गाडी बाणासारखी सरळ! मी मुलाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तो स्टेअरिंगकडे पाहत होता.

"हे डावीकडे कललंय."

"किती?"

"साधारण बाराला दोन कमी."

सगळी दुरुस्ती एकाच बाजूला केली की हेच होतं. उपाय सोपा आहे: डावा रॉड जेवढा आखूड करायचा, तेवढाच उजवा लांब करायचा, टो जागच्या जागी राहतो आणि स्टेअरिंग मधे येतं. उजव्या नटला तेल सोडून आज तिसरा दिवस. तोवर मी मान जराशी डावीकडे कलती ठेवून चालवतो. तेवढ्याने दिसतं सरळ.