खुलासा: ते बी सोनकीचं नाही

‘सोनकीचं बी टेकडीवर उधळा, मधमाश्या वाचवा’ हा मेसेज मीही पुढे पाठवला होता. (सोनकी म्हणजे आपल्या सह्याद्रीतलं पिवळं रानफूल.) चूक झाली. फोटोतलं पिवळं-केशरी फूल कॉसमॉसचं आहे, मूळचं मेक्सिकोचं. त्याचं पान झेंडूसारखं चिरलेलं. सोनकीचं रुंद, कडेला दातेरी. माझ्या पाकिटातलं बीही कॉसमॉसचंच: सुईसारखं लांब, टोकाला दोन काटे, ओढणीलाच चिकटलं!

मधमाश्या कॉसमॉसवर येतात, हे खरं. पण मोकळ्या टेकडीवर ते फोफावतं आणि आपल्या रानफुलांची जागा खातं. लावायचंच तर उन्हातल्या कुंडीत लावा, बी झडायच्या आत वाळकी फुलं खुडा. मी तर म्हणेन, तीळ नाहीतर तुळस पेरा. सकाळी मंजिऱ्यांवर नुसती गुणगुण असते.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.