उत्तेजनार्थ

यंदाच्या 1 मे रोजी आमच्या गृहसंकुलात महाराष्ट्र दिन साजरा झाला आणि त्यात 'उत्तम मराठी बोलणारे परप्रांतीय सभासद' या गटात मला उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले. माझी मातृभाषा मराठी आहे. माझ्या आईची मराठी आहे, आजीची मराठी होती आणि आजीला ज्या भाषेत तिची सासू टोमणे मारत असे, तीही मराठीच होती. तरीसुद्धा भर उन्हात, टाळ्यांच्या गजरात, मी एक स्टीलचा डबा, गुलाबाचे एक फूल आणि बालवाडीतल्या मुलांसाठी छापलेली एक सचित्र अंकलिपी स्वीकारली आणि वर छायाचित्रासाठी हसलोसुद्धा.

या सगळ्याचे मूळ मार्च महिन्यात भरून घेतलेल्या सभासद माहिती पत्रकात आहे. त्यात 'जन्मस्थान व राज्य' असा एक रकाना होता. शहाण्या माणसाने तिथे काहीतरी मोघम लिहून मोकळे व्हावे; मी मात्र जन्मदाखला काढून, त्यात पाहून, 'बेळगाव, राज्य म्हैसूर' असे सुवाच्य अक्षरात लिहिले. माझा जन्म 1971 चा. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, आणि त्या राज्याचे नाव कर्नाटक व्हायला 1973 साल उजाडले. त्यामुळे आमच्या घराच्या एकाच माजघरात वडील मुंबई इलाख्यात, मी म्हैसूरमध्ये आणि धाकटा भाऊ कर्नाटकात जन्माला आला. पुढे 2014 साली गावाचे अधिकृत नावही बेळगावी झाले. माजघर अजून तिथेच आहे आणि पावसाळ्यात त्याच कोपऱ्यात गळते.

हे पत्रक आमच्या सांस्कृतिक समितीच्या काकांच्या हाती पडले. काका बँकेतून निवृत्त झालेले असून स्वतःची ओळख 'आम्ही मूळ ठाणेकर' अशी करून देतात. गिरगावातली चाळीतली खोली विकून ते 1991 साली नौपाड्यात आले आणि तिथून पुढे घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या पायथ्याशी, आमच्याच इमारतीत राहायला आले. मूळ कोण आणि बाहेरचा कोण हे ठरवण्याची त्यांची पद्धत सोपी आहे : त्यांच्या आधी आलेले ते जुने, त्यांच्याबरोबर आलेले ते मूळ आणि त्यांच्यानंतर आलेल्यांमुळे पाण्याचा दाब कमी झाला. मी 2003 साली आलो, म्हणजे पाण्याच्या दाबापैकी काही अंश माझ्या नावावर आहे.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी लिफ्टमध्ये त्यांनी मला गाठले.

"म्हैसूर!" ते प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले. "वा! दसरा काय असतो हो तुमच्याकडे!"

"काका, मी बेळगावचा."

"तेच ते. ते हत्ती तुमच्याकडूनच नेतात ना?"

"बेळगावात हत्ती नसतात."

"कसे असतील? सगळे म्हैसूरला नेले."

बेळगावहून कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे आणि म्हैसूर त्याच्या चौपटीहून दूर, हे मी त्यांना सांगितले. त्यावर त्यांनी, माणसाला आपले गाव कायम जवळच वाटते, अशा अर्थाची समजुतीची मान हलवली.

"आणि माझी मातृभाषा मराठी आहे."

"ते कळतंच की बोलण्यावरून. किती वर्षांत शिकलात?"

"जन्मापासून बोलतो."

"बघा! लहानपणी सुरुवात केली की पटकन येते. आमच्या सुनेला सांगतो मी नेहमी." मग त्यांनी आवाज खाली आणला. "'ळ' येतो का?"

"म्हणजे काय, काका!"

"म्हणून दाखवा."

ज्या माणसाच्या नावात, गावात आणि कुलदैवतात मिळून चार ळ आहेत, त्याने अशा वेळी ताठ मानेने नकार द्यायला हवा होता. परंतु लिफ्टमध्ये माणसाचा स्वाभिमान मजल्यागणिक कमी होत जातो. मी 'ळ' म्हणालो. त्यांनी 'पुन्हा' म्हटले. मी पुन्हा म्हणालो. मग 'टिळक' झाले, 'कावळा' झाला, 'नळाला गळती' झाली. सातव्या मजल्यावर दार उघडले तेव्हा कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका मुलीला दोन वयस्कर पुरुष एकमेकांच्या तोंडाकडे निरखून पाहत 'सोळा केळी, पिवळी केळी' असे म्हणत असलेले दिसले. तिने पुढच्या लिफ्टने जाणे पसंत केले.

"खणखणीत आहे," काका म्हणाले. "हे अक्षर जगात मराठीशिवाय कुठेही नाही."

मी म्हणालो की कन्नडमध्ये आहे, गुजरातीत आहे, मल्याळममध्येही आहे. काकांनी क्षणभर विचार केला.

"आपल्याकडून नेलं असेल," ते म्हणाले आणि उतरले. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर स्पर्धकांच्या यादीत माझे नाव होते.

मूळ ठाणेकर या प्रकाराची मला तेव्हापासून उत्सुकता लागली. मी चेंदणी कोळीवाड्यातल्या ज्या बाईंकडून वर्षानुवर्षे मासळी घेतो, त्यांच्या घराण्याचे ठाण्यातले वास्तव्य 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी इथे येऊन थांबली त्याच्या कितीतरी आधीचे आहे. आमच्या इमारतीत मूळ ठाणेकर राहतात, हे मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी सुरमईवरची नजर न काढता तिथे खोलीचा भाव काय चालला आहे एवढेच विचारले आणि मी आकडा सांगितल्यावर सुरी जरा जोरात चालवली.

आता 1 मे. ध्वजवंदन झाले. काकांनी माइक हातात घेतला आणि ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यावर बोलले. चांगले बोलले, हे कबूल केले पाहिजे. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला, मूठ वर गेली आणि 'बेळगाव, कारवार, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' ही घोषणा त्यांनी आम्हा सर्वांकडून तीनदा म्हणवून घेतली. मीही म्हणालो; माझ्या वडिलांनी ती लहानपणी कानावर इतकी घातली होती की ती मला पाढ्यांच्या आधी येत असे. तिसऱ्या 'झालाच पाहिजे'चा प्रतिध्वनी समोरच्या इमारतीवर आपटून परत येतो न येतो तोच काकांनी कागद उलटला आणि जाहीर केले, "आता आपल्या परप्रांतीय बांधवांची स्पर्धा. पहिले स्पर्धक, बेळगावहून आलेले आपले..." पुढचे मला ऐकू आले नाही.

परीक्षक होते आमच्या शेजारचे गुजराती गृहस्थ. त्यांचा जन्म नौपाड्यातला, शिक्षण ठाण्यात मराठी माध्यमातले. तेव्हा जन्मराज्याच्या रकान्यात ते निर्विवाद महाराष्ट्रीय. त्यांनी त्या दिवशी सकाळी गुजरात दिनाचे म्हणून घरोघरी श्रीखंडही वाटले होते, कारण दोन्ही राज्ये 1960 साली एकाच दिवशी जन्मली. विषय होता 'माझी दिनचर्या', वेळ दोन मिनिटे. मी संतापलेला होतो, आणि संतापलो की माझी बावीस वर्षांची ठाणेरी मराठी गळून पडते आणि खालची बेळगावी वर येते. मी म्हणालो, "सकाळी उठलो, चहा घेतलो, पेपर वाचलो."

श्रोत्यांत हलकेच हशा पिकला. प्रमाण मराठीत चहा घेतला जातो; आमच्याकडे माणूस चहा घेतलो म्हणतो, कारण क्रियापद कर्त्याशी इमान राखते. शेजारच्या कन्नडचा हा गुण असल्याचे जाणकार सांगतात. मला विचाराल तर यात वावगे काही नाही. चहा मी घेतला आहे, तर क्रियापदाने माझ्याकडे पाहावे की कपाकडे? पण परीक्षकांनी कार्यक्रमानंतर अत्यंत नम्रपणे मला बाजूला घेतले आणि म्हणाले, "व्याकरणाचा अर्धा गुण कापावा लागला, साहेब. वाईट वाटून घेऊ नका." पहिला क्रमांक बी विंगमधल्या मल्याळी बाईंना मिळाला, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तो योग्यच होता. त्यांनी 'न्याहारी' हा शब्द वापरला.

हे हसण्यावारी नेण्याचा मी आठवडाभर प्रयत्न केला, जमले नाही. बेळगावात माझ्या चुलत भावाचे दुकान आहे. कर्नाटकच्या नियमाने पाटीवर साठ टक्के कन्नड हवे, म्हणून त्याने 2024 साली पट्टी लावून, मोजून, जुनी मराठी पाटी उतरवली. 2022 च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या गाड्यांवर बेळगावजवळ दगड पडले तेव्हा मी एमएच 04 क्रमांकाची माझी गाडी कोल्हापुरात नातेवाइकाकडे ठेवून बसने पुढे गेलो होतो. गावी गेलो की लोक मला 'मुंबईवाले' म्हणतात; कसाऱ्यापर्यंत सगळी मुंबईच, ठाण्याचा त्यांना पत्ता नाही. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 साली 264 गावे इकडे आणि 247 गावे तिकडे असा हिशेब मांडला, महाराष्ट्राने तो नाकारला, 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि तारखा पडत राहिल्या. माझे वडील निकालाची वाट पाहत वारले. त्यांच्या मुलाला अंकलिपी मिळाली. ती उघडून पाहिली, तर 'ळ'च्या पानावर बाळाचे चित्र होते आणि काकांनी त्याभोवती पेन्सिलीने गोल करून 'शाबास' असे लिहिले होते.

रविवारी आईचा फोन आला. धाकट्याने तिला फोटो दाखवला होता.

"परप्रांतीय म्हणून दिलेत म्हणे बक्षीस?"

"होय."

"आणि तू गप गुमान घेतलास?"

"घेतलो," मी म्हणालो.