वर्तणूक : चांगली

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर बरेच दिवस फिरतोय. शब्द दर वेळी थोडे बदलतात, सार तेच. विशेष गरजा असलेलं मूल वर्गात ढकलाढकली करत असेल तर त्याला काढून टाकायचा शाळेला पूर्ण अधिकार आहे. खासगी शाळेला दिव्यांग कायदा लागू नाही. प्रवेशाच्या वेळी हमीपत्र दिलं असेल तर विषयच संपला. सर्टिफिकेट नसेल तर हक्काची भाषा करू नका. अशा मुलांसाठी विशेष शाळा आहेतच. एकापायी बाकीच्या चाळीस मुलांचं नुकसान का? आणि वर, अमेरिकेतसुद्धा असंच करतात. शेवटी जोडलेले हात आणि 'प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा'.

मला तो तिघींनी पाठवला. त्यातल्या दोघींची मुलं स्वमग्न आहेत, आणि दोघींनी खाली एकच ओळ लिहिली होती : मॅडम, हे खरंय का? विशेष शिक्षिका म्हणून मी पंधराएक वर्षं शाळाशाळांतून हिंडतेय. त्या दोघींना फोनवर तुकड्या-तुकड्यांत जे सांगितलं, ते इथे एकदाच नीट लिहून ठेवते.

काढून टाकायच्या अधिकारापासून सुरुवात करू. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याचं कलम १६ म्हणतं की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवी संपेपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. कोणत्याही. मूल दिव्यांग आहे की नाही हा प्रश्नच तिथे येत नाही. २०१९ साली हे कलम बदललं, तेव्हा पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवायची मुभा राज्यांना मिळाली. 'ढकलगाडी बंद' अशा बातम्या आल्या आणि अनेकांना वाटलं, सगळंच संरक्षण गेलं. नापास न करण्याचं गेलं. काढून न टाकण्याचं तसंच आहे.

मग मुलं शाळेबाहेर जातात कशी? एलसीच्या, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या, वाटेने. शाळा काढत नाही, पालकच अर्ज करतात. आधी डायरीत लाल शेरे, मग आठवड्यातून दोनदा फोन, मग ट्रस्टींसमोर मीटिंग. मीटिंगच्या शेवटी कुणीतरी अगदी मऊ आवाजात म्हणतं, तुम्हीच अर्ज दिलात तर मुलाच्या रेकॉर्डवर काही येणार नाही. आई तिथेच कोरा कागद मागते आणि लिहून देते. अशा एका दाखल्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे. मुलगा दुसरीतला. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून' असं आहे. त्याच दाखल्यावर 'वर्तणूक' असाही रकाना असतो. त्यात शाळेच्याच क्लार्कच्या अक्षरात लिहिलंय : चांगली. जिच्यापायी सहा महिने मीटिंगा झाल्या, ती वर्तणूक कागदावर चांगली निघाली!

म्हणून पालकांना माझं पहिलं सांगणं हेच असतं की मीटिंगमध्ये बसून कसलाही अर्ज लिहू नका. घरी जा, एक रात्र जाऊ द्या.

इथे दोन खाचा आहेत, त्या लपवत नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ सालचा निकाल आहे. आणि नववीपासून या कलमाचं छत्र कुणाच्याच डोक्यावर नाही. तिथे दुसरा कायदा धरावा लागतो.

तो म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. खासगी शाळांना तो लागू नाही असं म्हणणाऱ्याने तो उघडूनही पाहिलेला नाही. कायद्यातले शब्द आहेत 'अनुदानित किंवा मान्यताप्राप्त'. विनाअनुदानित असो, फाटकावर 'इंटरनॅशनल' लिहिलेलं असो, मान्यता घेतलेली शाळा यात आलीच. अल्पसंख्याक शाळांनाही इथे वेगळी सूट नाही. वकिली डोक्याचा वाचक मला अडवेल, आणि बरोबर अडवेल, की या कायद्याचं शाळांबद्दलचं कलम (योगायोगाने तेही १६च) 'सरकार प्रयत्न करील' अशा सैल भाषेत आहे. आहे खरं. पण कलम ३ सैल नाही. दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव चालणार नाही, आणि गरजेची वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच, असं हा कायदा सांगतो. पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्याला ५०,००० ते ५ लाख. काही शाळांच्या स्नेहसंमेलनाच्या मांडवाचा खर्च याहून जास्त असतो, हेही मान्य.

हमीपत्राचं थोडक्यात. 'मुलाच्या वर्तनाबद्दल तक्रार आल्यास शाळेचा निर्णय मान्य राहील' असं पालकांकडून लिहून घेतलेलं मी पाहिलंय, कधी कधी शंभराच्या स्टॅम्प पेपरवर. जो करार कायद्याचा हेतूच हाणून पाडतो तो कायद्याने रद्दबातल असतो, हे १८७२ सालच्या करार कायद्यातच आहे. स्टॅम्प पेपर कितीचा आहे याने फरक पडत नाही.

सर्टिफिकेटचा मुद्दा जरा गुंतागुंतीचा आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर काही खास हक्क मिळतात; ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण हा त्यांतलाच. तेव्हा प्रमाणपत्र काढाच, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, तेही काढा, सरकारी रुग्णालयातल्या तारखांना कंटाळू नका. पण भेदभावापासूनचं संरक्षण ४० टक्क्यांना बांधलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विकास कुमार खटल्यात हे स्पष्ट केलं. हाताला पेटके येऊन लिहिता न येणारा तो उमेदवार लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला लेखनिक मागत होता आणि ४० टक्क्यांत बसत नव्हता. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. अतिचंचल, म्हणजे एडीएचडी असलेल्या मुलांच्या पालकांनी हे नाव लक्षात ठेवावं, कारण कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीत एडीएचडी नाही. यादीत नाही म्हणून दार बंद असा मात्र अर्थ होत नाही. दिव्यांग व्यक्तीची कायद्यातली व्याख्या यादीपेक्षा मोठी आहे.

विशेष शाळांबद्दल एवढंच : त्या हव्यातच, काही मुलं तिथेच फुलतात. पण घराजवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड कायद्याने मुलाच्या हातात दिली आहे, मुख्याध्यापकांच्या नाही.

आता चाळीस मुलं. हा मुद्दा इतरांसारखा झटकून टाकता येत नाही. जिच्या मुलाच्या दंडावर दातांचे वण आहेत त्या आईला कलमं ऐकवू नयेत. पन्नास मुलांसमोर एकट्या उभ्या असलेल्या बाईंनाही नयेत.

ठाण्याजवळच्या एका शाळेतला तिसरीचा मुलगा. तक्रार अशी की कारण नसताना ढकलतो, हिंसक आहे. मी आठ दिवस मागच्या बाकावर वही घेऊन बसले. वहीत तीन रकाने : आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. आठ दिवसांत ढकलण्याचे अकरा प्रसंग. त्यातले नऊ मधल्या सुट्टीच्या आणि शाळा सुटायच्या घंटेनंतरच्या दोन मिनिटांतले. घंटा म्हणजे इलेक्ट्रिक बेल, ती नेमकी त्या वर्गाच्या दारावर. मुलगा दारालगतच्या पहिल्या बाकावर. बेल कर्कशली की तो दोन्ही कान दाबून धरायचा आणि त्याच क्षणी सगळा वर्ग त्याच्या अंगावरून दाराकडे पळायचा. मग जो आधी हाताला लागेल तो ढकलला जायचा. मी बाईंना विचारलं, याला दाराजवळ का बसवलंय? म्हणाल्या, काही केलं तर पटकन बाहेर काढता यावा म्हणून.

त्याला खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या बाकावर हलवलं. बेलच्या दोन मिनिटं आधी बाई त्याला हजेरीपत्रक देऊन ऑफिसात पाठवू लागल्या; त्याला ते काम फार आवडायचं, दोन्ही हातांनी धरून न्यायचा. पुढच्या पंधरवड्यात ढकलण्याचे प्रसंग दोन. शून्य नव्हे, दोन. खर्च काही नाही.

कायद्यातली 'वाजवी सोय' ती हीच. आणि इथेच शाळेची बाजूही सांगायला हवी. कलम ३ मध्ये शाळेला एक रास्त वाट ठेवली आहे : उद्देश योग्य असेल आणि पाऊल त्या उद्देशाच्या प्रमाणात असेल, तर तो भेदभाव ठरत नाही. इतर मुलांच्या सुरक्षेसाठी शाळा जरूर काही करू शकते, काही काळ मुलाला वेगळ्या खोलीत शांत बसवू शकते, सोबत माणूस देऊ शकते, वेळापत्रक बदलू शकते. पण एक बाकही न हलवता थेट एलसी, यात प्रमाण कुठे आलं? राहता राहिलं मनुष्यबळ. विशेष शिक्षकांचं प्रमाण प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि पुढच्या वर्गांना पंधरामागे एक असावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितलं. तुमच्या शाळेत अशी एक तरी व्यक्ती कायम पदावर आहे का, एकदा विचारून बघा. बाईंचं गाऱ्हाणं खरं आहे. ते संस्थेकडे आणि सरकारकडे जायला हवं, जातं मात्र मुलाच्या आईकडे.

अमेरिकेचं उदाहरण तर मजकुराने स्वतःच्याच पायावर पाडून घेतलंय. दिव्यांग मुलांच्या शिक्षणाबद्दलच्या तिथल्या १९७५ सालच्या कायद्यानंतर असाच वाद झाला होता. सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन विद्यार्थ्यांना गैरवर्तनापायी काढायचं घाटत होतं. १९८८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'होनिग विरुद्ध डो' खटल्यात सांगितलं की वर्तन दिव्यांगत्वातून आलं असेल तर शाळा आपल्या मर्जीने मुलाला बाहेर ठेवू शकत नाही. आजचा नियम दहा दिवसांचा. सलग दहा शालेय दिवसांपेक्षा जास्त काळ बाहेर ठेवायचं ठरलं, तर त्या निर्णयापासून दहा शालेय दिवसांत पालकांसह बैठक घ्यावी लागते. बैठकीत प्रश्न दोनच. हे वर्तन दिव्यांगत्वामुळे झालं का? किंवा मुलासाठी ठरवलेली योजना शाळेने राबवली नाही, म्हणून झालं का? एकाचंही उत्तर 'हो' आलं तर सहसा मूल परत आपल्या वर्गात, आणि वर्तनाचा अभ्यास करून त्यावर आराखडा. दोन्ही 'नाही' असतील तर इतरांना होते तीच शिक्षा, पण शिक्षण थांबत नाही. शस्त्र, अमली पदार्थ किंवा गंभीर दुखापत असेल तर ४५ शालेय दिवसांपर्यंत दुसरीकडे शिकवता येतं. दुसरा प्रश्न मला फार आवडतो. त्यात शाळाही परीक्षेला बसते.

गंमत म्हणजे न्यू जर्सीतल्या माझ्या मामेबहिणीच्या मराठी मैत्रिणींत नेमकी उलटी अफवा आहे : आयईपी, म्हणजे वर सांगितलेली मुलासाठीची योजना, असलेल्या मुलाला शाळा हातच लावू शकत नाही. तेही खोटंच. आणि तिथेही 'आज लवकर घेऊन जा' असे फोन येतात. असं वारंवार घरी पाठवणं हेही निलंबनात मोजलं जाऊ शकतं, असं तिथल्या शिक्षण खात्याने २०२२ साली शाळांना कळवलं आहे.

आपल्याकडे दिवस मोजणारं कलमच नाही. कायदा काढून टाकण्याबद्दल बोलतो, 'चार दिवस घरीच ठेवा' याबद्दल गप्प बसतो, आणि सगळा खेळ त्या चार दिवसांतच चालतो. म्हणून मोजणी पालकांनी करायची. एक साधी वही घ्या. तारीख, फोन किती वाजता आला, कुणी केला, काय कारण सांगितलं, मूल किती तास शाळेबाहेर राहिलं. डायरीतल्या शेऱ्यांचे फोटो. आणि प्रत्येक तोंडी निरोपाला एकच उत्तर : लेखी द्या. शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा किंवा दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांकडे, ज्यांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तिथे रडू कमी आणि वही जास्त कामाला येते.

'हे खरंय का' विचारणाऱ्या त्या दोघींपैकी एकीला त्याच आठवड्यात शाळेतून फोन आला होता, उद्यापासून काही दिवस आणू नका. तिने रात्री ईमेल केला, तीन ओळींचा. आज फोनवर जे सांगितलं ते कृपया कारण आणि मुदत घालून लेखी द्यावं. मी ते माझ्या फाइलला लावेन. पत्र मिळेपर्यंत तो रोजच्यासारखा येईल. सकाळी ऑफिसातून फोन आला, लेखी कशाला, तोंडी सांगितलंय ना. तिने डबा भरला आणि त्याला सोडून आली.

आज सत्तावीस दिवस झाले. तो रोज जातोय. पत्र अजून आलेलं नाही.